निवडणूक, गाणे आणि मंडळ: बेळगाव सीमाभागातील कलावंतांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जाहीर झाली की सीमाभागातल्या वादक-गायकांचे फोन वाजू लागतात. कुणाला प्रचारगीत हवे असते, कुणाला झांजपथक, कुणाला रोड शोसाठी डॉल्बी. त्याच वेळी भजनी मंडळाच्या बैठकीत कोण कुणाशी बोलत नाही याची कुजबुज सुरू होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड भागातील भजनी मंडळे, शाहीर, बेंजो पार्ट्या, ढोल-ताशा पथके, साउंडवाले आणि शास्त्रीय संगीताच्या मंडळींकडून वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

इथली निवडणूक गाण्याबजावण्याच्या माणसांना इतकी जड का जाते?

कारण इथे मत देताना पक्षाबरोबर भाषाही मोजली जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या लढ्यात गाणे पहिल्यापासून होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांच्या कलापथकांनी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ डफ-तुणतुण्यावर गावोगाव नेली. त्यामुळे सीमाभागात शाहीर उभा राहिला की तो कुणाच्या बाजूचा, हे लोक आपोआप ठरवून मोकळे होतात.

पूर्वी मराठी गावात मत बहुधा एकगठ्ठा असे. २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभांत बेळगाव जिल्ह्यातून, सीमाभाग महाराष्ट्रात घ्या अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. मराठी मते समिती आणि राष्ट्रीय पक्षांत वाटली गेली. म्हणजे भांडण आता मराठी विरुद्ध कन्नड एवढेच राहिलेले नाही. ते एकाच गल्लीत, एकाच घरात आले आहे. पेटीवाला समितीचा, पखवाजवाला एका राष्ट्रीय पक्षाचा आणि टाळकरी दुसऱ्याचा, अशी कितीतरी मंडळे आहेत. ती सगळी माणसे पहाटे काकड आरतीला एकाच सतरंजीवर बसतात.

मग मंडळाने कुणाला पाठिंबा द्यावा का?

आमचे मत स्पष्ट आहे: माणसाने जरूर द्यावा, मंडळाने देऊ नये. गायकालाही नागरिक म्हणून बाजू घेण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि तो त्याने उघडपणे वापरला तर त्यात कमीपणा नाही. पण मंडळाची वाद्ये लोकवर्गणीतून आलेली असतात, आणि वर्गणी देणाऱ्यांनी मत एकाच ठिकाणी दिलेले नसते.

आचारसंहिता लागण्याआधी बैठक घेऊन इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहा. त्यात चार गोष्टी याव्यात. मंडळाचे नाव, फलक आणि गणवेश प्रचारात वापरायचा नाही. सभासदाने वैयक्तिक सुपारी घेतली तर ती स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या वाद्यांवर. मंडळाची वाद्ये भाड्याने द्यायचीच असतील तर सर्व पक्षांना एकच दर, आणि आधी येईल त्याला आधी. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर प्रचाराचा मजकूर नाही. ठरावाखाली हजर असलेल्या सर्वांच्या सह्या घ्या. तोंडी ठरलेले पहिल्याच रोड शोला मोडते, कारण पथकाचा टी-शर्ट घालून कुणीतरी गाडीपुढे नाचतो आणि त्याचे चित्रीकरण गावभर फिरते.

त्याच दिवशी वाद्यांची यादी करा: टाळांच्या जोड्या किती, पखवाज किती, पेटी कुणाच्या घरी, माइक आणि केबल कुणाकडे. निवडणुकीत मंडळ फुटले तर पुढची भांडणे वाद्यांवरूनच होतात.

उमेदवार मंडळाला टाळ-मृदंग, पेटी किंवा ढोल देतो म्हणतो. घ्यावे का?

आचारसंहितेच्या काळात घेऊ नये. मतासाठी दिलेली वस्तू कायद्याने लाच ठरते, आणि देणाऱ्याबरोबर घेणाराही अडचणीत येतो. ‘देवाच्या कामाला दिले’ हा बचाव चालत नाही. उमेदवाराच्या नावाची पाटी लावलेली पेटी देवळात ठेवली तर प्रश्न आणखी वाढतो, कारण देऊळ, मशीद, चर्च यांचा प्रचारासाठी वापर करायला आदर्श आचारसंहितेत मनाई आहे.

आधीच कबूल झालेली देणगी असेल तर निकाल लागून आचारसंहिता उठेपर्यंत थांबवा, आणि नंतर रीतसर पावती फाडून घ्या. पाटी लावू नका. पुढच्या निवडणुकीत ती पाटी मंडळाच्या गळ्यात पडते.

प्रचाराची सुपारी घ्यायची ठरली, तर कोणती कागदपत्रे हवीत?

आधी हे बघा की सुपारी नेमकी कोण देतो. उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी किंवा पक्ष यांच्याकडूनच घ्या. ‘कार्यकर्त्यांच्या हौसेची’ सुपारी धोक्याची असते: उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे हा गुन्हा आहे, आणि पैसे बुडाले तर मागायचे कुणाकडे हाही प्रश्नच.

करारात कार्यक्रमाची तारीख, वेळ, ठिकाण, वादकांची संख्या, आणि वाहन व जनरेटर कुणाचे ते लिहा. परवानगी काढण्याची जबाबदारी आयोजकाची आहे हेही लिहा. सभा, मिरवणूक, ध्वनिक्षेपक, वाहन यांची परवानगी उमेदवाराकडून निवडणूक आयोगाच्या ‘सुविधा’ या ऑनलाइन प्रणालीवर किंवा निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत मागितली जाते. अर्ज कार्यक्रमाच्या किमान ४८ तास आधी लागतो. परवानगीची प्रत हातात आल्याशिवाय गाडी भरू नका. प्रचार वाहनाचा मूळ परवाना समोरच्या काचेवर दिसला पाहिजे. टेम्पोवर टॉप-बेस रचून ‘रथ’ केला असेल तर मोटार वाहन कायद्याचे नियमही लागू होतात. पोलीस गाडी अडवतात तेव्हा बहुतेक वेळा वाजवणारेच रस्त्यावर अडकतात, नेता पुढे निघून गेलेला असतो.

पैशाबाबत: एका व्यक्तीला किंवा संस्थेला संपूर्ण निवडणुकीत मिळून १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देण्याची उमेदवाराला मुभा नाही. त्यावरची रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून यावी लागते. म्हणून पथकाच्या नावाने बँक खाते असणे गरजेचे आहे. खाते नसेल तर एका प्रमुखाच्या खात्यावर रक्कम घेऊन वादकांना वाटप केल्याची सह्यांची यादी ठेवा.

जिल्हा निवडणूक अधिकारी ध्वनिक्षेपक, मंडप, वाहन यांसारख्या बाबींचे दरपत्रक ठरवतात आणि उमेदवाराचा खर्च त्या दराने मोजला जातो. कर्नाटकात या खर्चाची मर्यादा लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख रुपये आहे. मर्यादा जवळ आली की ‘बिल कमी दाखवा’ अशी मागणी येते. ती मान्य करू नका. सभेचे चित्रीकरण निवडणूक यंत्रणेचे पथक करतच असते. त्यात वीस ढोल दिसतात आणि बिलावर आठ असतात, मग चौकशी तुमचीही होते. मोफत वाजवले तरी त्याची किंमत उमेदवाराच्या खर्चात धरली जाऊ शकते.

निम्मी रक्कम विसार म्हणून आणि उरलेली कार्यक्रम सुरू होण्याआधी घ्या. निकालानंतर हरलेल्याकडून वसूल होत नाही आणि जिंकलेला भेटत नाही. उमेदवाराला निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून बिल मुदतीत द्या आणि पोच घ्या.

प्रचार संपल्यानंतरच्या ४८ तासांत काय बंद असते?

हा नियम कलावंतांनी नीट वाचायला हवा, कारण त्यात संगीताचा थेट उल्लेख आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२६ नुसार, मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत त्या मतदानक्षेत्रात लोकांना आकर्षित करण्यासाठी संगीताचा कार्यक्रम, नाटक किंवा इतर करमणूक ठेवून निवडणुकीचा प्रचार करता येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

वेळ उलटी मोजायची. ७ मे २०२४ रोजी बेळगाव आणि चिकोडी लोकसभेचे मतदान सायंकाळी ६ वाजता संपणार होते, म्हणजे ५ मे सायंकाळी ६ पासून बंदी. बरेच जण मतदानाचा आदला दिवस तेवढा धरतात आणि तिथेच चुकतात.

बंदी निवडणुकीच्या प्रचारावर आहे, गाण्यावर नाही. लग्नातली सनई, देवळातले भजन, ठरलेली शास्त्रीय मैफल यांना या कलमाने मनाई नाही. मात्र मैफलीत उमेदवाराचा सत्कार झाला, किंवा भजनाच्या शेवटी कुणी चार शब्द बोलून चिन्हाची आठवण करून दिली, की तोच कार्यक्रम प्रचार ठरतो. त्या दोन दिवसांत राजकीय पाहुणे बोलावू नका. आले तर श्रोत्यांत बसवा, माइक देऊ नका.

शिवजयंती, पारायण, यात्रा आचारसंहितेत आल्या तर?

बेळगावात शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला पाळली जाते, आणि एप्रिल-मे हा निवडणुकांचाही हंगाम. २०२३ मध्ये ही तिथी २२ एप्रिलच्या आसपास होती आणि विधानसभेचे मतदान १० मे रोजी. म्हणजे उत्सव ऐन आचारसंहितेत आला. २०२४ मध्ये ही तिथी ९ मे रोजी, मतदानानंतर दोनच दिवसांनी.

धार्मिक आणि पारंपरिक कार्यक्रमांना बंदी नसते, पोलिसांची नेहमीची परवानगी लागते. शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात स्थानिक ठाणे. अर्जाबरोबर मागच्या वर्षीच्या परवानगीची प्रत जोडा. कार्यक्रम परंपरेचा आहे हे त्यातून सिद्ध होते. मिरवणुकीचा मार्ग, वाद्यांची संख्या, सुरू व बंद होण्याची वेळ, जबाबदार पाच जणांची नावे द्या. अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत करून सोबत मराठी प्रत जोडली तर काम लवकर होते. मराठीचा आग्रह हा हक्काचा विषय आहे, त्यासाठी वेगळे निवेदन द्या; मिरवणूक तीन दिवसांवर असताना अर्ज त्यात अडकवू नका.

फलकावर देणगीदार म्हणून उमेदवाराचा फोटो नको. चित्ररथावरील देखावा, त्याचे निवेदन आणि वाजणारी गाणी आधी ऐकून घ्या. सप्ताहात कीर्तनकार बुवांना विषयाची कल्पना आधीच द्या. बुवा मोठे असतात, मध्येच थांबवता येत नाही.

आवाज किती चालतो?

रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. तिथे ५० आणि ४०. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातला जो कमी असेल तेवढाच चालतो.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरच्या पेटाऱ्यासमोर एक मीटरवर १०० डेसिबल असतील तर दहा मीटरवर ८० आणि अठरा मीटरच्या आसपास ७५. पण गल्लीत हा हिशेब लागत नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात आणि बेस घराघरांत घुमतो. म्हणून गल्लीत बेसचे पेटारे कमी करा, टॉप थोडे खाली वाकवा आणि मोजमाप हद्दीवर उभे राहून घ्या. मोबाइलवरील मापक अंदाजापुरते ठीक आहे. पोलिसांसमोर ते पुरावा ठरत नाही.

दोन पक्षांच्या मिरवणुका समोरासमोर आल्या की चालक आवाज वाढवून उत्तर देतात. मारामाऱ्या बहुतेक इथूनच सुरू होतात. गाड्या किमान दोन चौकांचे अंतर ठेवून थांबवायच्या आणि साउंड बंद करण्याचा निर्णय चालकाच्याच हातात राहील, हे करारात लिहा.

लोकप्रिय गाण्याच्या चालीवर प्रचारगीत केले तर चालते का?

परवानगीशिवाय नाही. चित्रपटगीताचा ट्रॅक घेऊन त्यावर नवे शब्द बसवले तर शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींचे हक्क आडवे येतात. कर्नाटकातलेच उदाहरण आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका गाजलेल्या कन्नड चित्रपटाचे संगीत भारत जोडो यात्रेच्या चित्रफितीत वापरल्याची तक्रार बंगळूरच्या संगीत कंपनीने केली. व्यापारी न्यायालयाने काँग्रेसची ट्विटर खाती रोखण्याचा आदेश दिला. दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण ती चित्रफीत काढून टाकण्याच्या अटीवर. एवढ्या मोठ्या पक्षाला हे चुकले नाही, मग गावातल्या स्टुडिओचे काय?

सुरक्षित वाट पारंपरिक चालींची आहे: पोवाडा, ओवी, भारूड, गोंधळ, हलगीचा ताल. संतांच्या अभंगांचे शब्द सर्वांचे आहेत, पण एखाद्या आधुनिक संगीतकाराने लावलेली चाल त्याची आहे. मृत्यूनंतर ६० वर्षे तिचे हक्क राहतात. आमच्या मते अभंगाचे शब्द फिरवून त्यात चिन्ह घालू नयेच. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी वारकरी दुखावतो.

गाणे दूरचित्रवाणी, केबल, आकाशवाणी, चित्रपटगृह किंवा समाजमाध्यमावर जाहिरात म्हणून जाणार असेल तर जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन समितीचे प्रमाणपत्र आधी लागते. मान्यताप्राप्त पक्ष आणि उमेदवारांनी किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा. इतरांसाठी मुदत सात दिवस. सोबत ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती, शब्दांची साक्षांकित लेखी प्रत आणि निर्मितीचा खर्च द्यावा लागतो. शब्द अंतिम झाल्यावरच मुद्रण करा. समितीने एक ओळ काढायला सांगितली तर पूर्ण कडवे पुन्हा गावे लागते आणि त्याचे पैसे कोण देणार यावरून वाद होतो.

गाण्यात सीमाप्रश्न आला तर गुन्हा होतो का?

सीमा बदलण्याची मागणी सनदशीर आहे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या कलम ३ ने संसदेला दिला आहे, आणि त्या मागणीचे गाणे म्हणणे गुन्हा नाही. गुन्हा होतो तो भाषा, धर्म, जात यांवरून लोकांत वैर पेटवल्यावर. निवडणुकीच्या संदर्भात लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२५ आणि एरवी भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ लागते. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उमेदवाराने भाषेच्या नावावर वैर वाढवले तर त्याची निवडणूकही रद्द होऊ शकते.

लिहिताना कसोटी साधी ठेवा. सरकार, निर्णय, आश्वासने यांवर हवी तेवढी टीका करा. कन्नड माणसावर, त्याच्या भाषेवर, ध्वजावर, दैवतांवर एक शब्दही नको. पोवाडा तापला की गायक पदरची ओळ घालतो, आणि नेमकी तीच चित्रित होते. मागे सूर धरणाऱ्या सुरत्यांनाही हे सांगून ठेवा.

कवितेवरून गुन्हा नोंदवण्याबाबत २८ मार्च २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा, कवी आणि खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणातला निकाल वकिलाला दाखवा. न्यायालयाने त्या कवितेवरचा गुन्हा रद्द केला, आणि तीन ते सात वर्षे शिक्षेच्या अशा प्रकरणांत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करणे योग्य, असे सांगितले. शाहिरांसाठी हा मोठा आधार आहे.

शिक्षक, सरकारी नोकर, शाळकरी मुले यांना घेता येते का?

सरकारी नोकराला प्रचारात भाग घेता येत नाही, तबला वाजवायला बसला तरी तो भागच. आपल्याकडचे कितीतरी पेटीमास्तर आणि तबलजी शाळेत नोकरीला आहेत. अनुदानित शाळेतल्यांनी संस्थेला लेखी विचारून घ्यावे.

मुलांना अजिबात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने मुलांचा प्रचारात कोणताही वापर, कविता आणि गाणी म्हणवून घेणेसुद्धा, बंद केला. लेझीम आणि झांजपथकांत चौदा-पंधरा वर्षांची मुले सर्रास असतात. प्रचाराच्या दिवशी त्यांना घरी ठेवा.

चंदगड, कागल, गडहिंग्लजकडची सुपारी आली तर?

महाराष्ट्रातील मतदान वेगळ्या तारखेला असू शकते. तिकडची विधानसभा २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाली तेव्हा तिकडची आचारसंहिता पाळायची होती. कोगनोळी आणि शिनोळीच्या रस्त्यांवर तपासणी नाकी लागतात. गाडीत कराराची प्रत, वाद्यांची यादी, वादकांची ओळखपत्रे ठेवा. परत येताना ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख असेल तर ती जप्त होऊ शकते; पैसे कशाचे हे दाखवणारा कागद हवाच.

प्रचार संपला की प्रचारासाठी बाहेरून आलेल्यांनी मतदारसंघ सोडायचा असतो. शेवटच्या सभेनंतर मुक्काम करू नका.

माझ्या आवाजात मी न गायलेले प्रचारगीत फिरते आहे. काय करू?

प्रथम पुरावा जपा: चित्रफीत उतरवून घ्या, दुवा, खाते, तारीख-वेळ दिसेल असे छायाचित्र घ्या. मग त्या समाजमाध्यमाकडे, निवडणूक अधिकाऱ्याकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा. निवडणूक आयोगाच्या ६ मे २०२४ च्या निर्देशानुसार बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर पक्षाने तो तीन तासांत काढायचा आहे, म्हणून पक्षाच्या कचेरीलाही लेखी कळवा आणि पोच घ्या. कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या आवाजाच्या नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना संरक्षण दिले आहे. स्वतःच्या खात्यावरून एक छोटा, शांत खुलासा टाका. त्यात दुसऱ्या पक्षाची बाजू घेऊ नका.

नकार कसा द्यावा? इतर ठिकाणचे कलावंत काय करतात?

लवकर आणि थोडक्यात द्यावा. ‘या निवडणुकीत कुणाच्याच प्रचाराची सुपारी घेत नाही’ हे वाक्य सर्वांना सारखे सांगा आणि मग खरोखर कुणाचीच घेऊ नका. तारीख नाही, घसा बसला, अशी कारणे देऊ नका. दुसऱ्या दिवशी तुम्ही भजनात दिसता. दमदाटी झाली तर निवडणूक आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ ॲपवर तक्रार करता येते, तिची दखल १०० मिनिटांत घेण्याची व्यवस्था आहे. मतदार मदत क्रमांक १९५०.

बाहेरचे कलावंत बहुधा हक्काच्या वाटेने बोलतात. अमेरिकेत गायक नील यंग यांनी ऑगस्ट २०२० मध्ये आपली गाणी सभांत वाजवल्याबद्दल ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेवर दावा लावला. आपल्याकडे कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांची नोव्हेंबर २०१८ मधली दिल्लीची मैफल समाजमाध्यमांवरील विरोधानंतर आयोजकांनी पुढे ढकलली, तेव्हा दिल्ली सरकारने त्यांना दुसरे व्यासपीठ दिले आणि ते गायले. २०२४ मध्ये चेन्नईच्या म्युझिक अकादमीने त्यांची संगीत कलानिधी या पुरस्कारासाठी निवड केली, त्यावर काही नामवंत गायकांनी महोत्सवातून अंग काढून घेतले. संगीताच्या घरातही फूट पडते. पण त्या सगळ्यांनी आपले म्हणणे स्वतःच्या नावाने, जाहीरपणे मांडले. सीमाभागात निनावी संदेशांनी कलावंत बदनाम केला जातो, त्यापेक्षा हे कितीतरी बरे.

१ नोव्हेंबरला राज्योत्सवाची ऑर्डर मराठी साउंडवाल्याने घ्यावी का?

त्या दिवशी एकीकडे मराठी भाषिकांच्या निषेधाची, काळ्या दिनाची फेरी आणि दुसरीकडे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची, राज्योत्सवाची मिरवणूक असते. साउंड हा धंदा आहे, कर्जाचे हप्ते दोन्ही भाषांतल्या पैशांनी फिटतात, आणि ऑर्डर घेणाऱ्याला कुणी फितूर म्हणू नये असे आम्हाला मनापासून वाटते. न घेणाऱ्यालाही तोच मान हवा. घेतलीत तर गाण्यांची यादी आदल्या दिवशी लेखी घ्या, चिथावणीची घोषणा वाजवणार नाही असे लिहून घ्या, आणि मराठी वस्तीतून जाताना आवाज वाढवू नका. काळ्या दिनाच्या फेरीत वाजवणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

निकालानंतर मंडळ पुन्हा कसे बसवायचे?

निकालाच्या दिवशी मंडळाची कोणतीही सुपारी घेऊ नका. विजयी मिरवणुकांना अनेकदा बंदी आदेश असतो, आणि गुलालाने पेटीचे सूर बसतात, भाते खराब होतात, स्पीकरच्या पडद्यावर थर चढतो. नंतर पहिली बैठक आठवड्याच्या आत घ्या. उशीर झाला की न येणाऱ्याला न येण्याची सवय लागते. बैठकीत निवडणुकीचा विषय नको; सरळ भजन लावा, आणि ज्यांच्यात वाद झाला त्यांना एकाच अभंगाला साथीला बसवा. वाद्यांची यादी त्याच दिवशी पुन्हा तपासा.

गावात मराठी-कन्नड ताण वाढला असेल तर दोन्ही भाषांची एक संध्याकाळ करा. तिला इथे भक्कम जमीन आहे. कुमार गंधर्व बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, जन्म ८ एप्रिल १९२४. घरची भाषा कन्नड, आणि मराठी रसिकांनी त्यांना डोक्यावर घेतले. गदगच्या भीमसेन जोशींनी मराठी संतवाणी आणि कन्नड दासवाणी दोन्ही गायल्या. पंढरीचा विठ्ठल वारकऱ्यांचा तसाच कन्नड हरिदास संतांचा. पुरंदरदासांच्या पदांची नाममुद्राच ‘पुरंदर विठ्ठल’ आहे.

कार्यक्रम दोन तासांचा ठेवा, बारा रचनांपेक्षा जास्त नकोत. अभंग आणि दासरपद, म्हणजे हरिदासांचे कन्नड पद, आलटून पालटून घ्या. दासरपदाला पल्लवी आणि चरण असतात, त्यामुळे धृपद-कडव्याची सवय असलेल्या टाळकऱ्यांना ते लगेच जमते. कन्नड शिवशरणांची वचने अवघड: ओळी कमीजास्त लांबीच्या, म्हणून ती मुक्त म्हणावीत किंवा आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात संथ लयीत बसवावीत. कन्नड शब्द देवनागरीत लिहून द्या, पण ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ वर खूण करून घ्या. देवनागरीत तो फरक दिसत नाही आणि उच्चार बिघडला की कन्नड श्रोता लगेच ओळखतो. तालमीला कन्नड जाणणारा एक जण बसवा. सर्व गायकांची पट्टी आधी ठरवा. पखवाज एका स्वराला लावलेला असतो. मध्ये पट्टी बदलणार असेल तर दुसरा लावून तयार ठेवा, नाहीतर हातोडीने गट्टे ठोकण्यात दहा मिनिटे जातात आणि रंग उतरतो. निवेदन दोन्ही भाषांत, फलकही दोन्ही भाषांत, अध्यक्ष आणि पाहुणे कुणीच नाहीत.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही हेच सगळे लागू होते का?

बरेचसे, पण ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. नियम, खर्च आणि परवानगीची कचेरी वेगळी असते, म्हणून तहसीलदार कचेरीतून त्या वेळची सूचना मागवून घ्या. ग्रामपंचायतीला पक्षचिन्हे नसतात, त्यामुळे लोकांना वाटते की इथे मंडळ उतरले तरी चालते. उलट इथेच जास्त जपा. उमेदवार तुमचाच टाळकरी असतो आणि त्याच्याविरुद्ध उभा असतो तोही. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत दोघांनीही मंडळाच्या पदावरून बाजूला राहायचे, आणि वाद्यांच्या खोलीची किल्ली तोवर निवडणुकीत नसलेल्या सभासदाकडे द्यायची, असा ठराव आधीच करून ठेवा.